रिसॉर्टवरचे रोडगे

मुलाचा फोन आला तेव्हा मी तव्यावर पोळी टाकून उभा होतो. "बाबा, पुढच्या शनिवार-रविवारी काही ठरवू नका," तो म्हणाला. मी काय ठरवणार होतो? शनिवारी दाढी आणि रविवारी डोक्याला तेल, एवढाच माझा कार्यक्रम. तरी मुद्दाम म्हणालो, "पाहून सांगतो." निवृत्त माणसानं आपण अगदीच मोकळे आहोत असं दाखवू नये, लोक गृहीत धरायला लागतात.

त्याचा बेत असा होता. सातपुड्याच्या पायथ्याला, संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून एक नवीन रिसॉर्ट झालं होतं. तिथं सगळ्यांनी दोन दिवस राहायचं. तो, सून आणि माझी सात वर्षांची नात पुण्याहून शुक्रवारी रात्रीच निघणार. मुलगी नागपूरहून परस्पर अकोटावरून येणार. जावयाला सुट्टी नव्हती. मला तो वाटेत खामगावातून उचलणार होता.

"घरी किती वाजेपर्यंत पोहोचता?" मी विचारलं.

"घरी नाही बाबा, उशीर होईल. तुम्ही बायपासच्या नाक्यावर येऊन उभे राहा ना. तिथून सरळ निघू."

तीस वर्षं मी सरकारी बस चालवली. नाक्यावर, फाट्यावर, पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या किती माणसांसाठी मी गाडी थांबवली असेल, त्याला गणती नाही. आता पोटच्या पोरानं मलाच नाक्यावर उभं राहायला सांगितलं. मी बरं म्हणालो. तोवर पोळी करपली होती, ती तशीच खाल्ली.

बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेरावं उरकून गेल्यापासून माझी दोन्ही मुलं खामगावच्या घरात एक रात्रही झोपली नाहीत. वर्षश्राद्धाला आली, तीसुद्धा सकाळी येऊन संध्याकाळी गेली. फोन येतात, तक्रार नाही. मुलानं मला पंधरा दिवस पुण्याला नेलं, मुलीनं नागपूरला डोळ्याचं ऑपरेशन करून दिलं. पण घरी या म्हटलं की कोणाला मीटिंग, कोणाला परीक्षा, कोणाचं पोट बिघडलेलं. मी काही दूधखुळा नाही. मला समजत होतं की ते टाळतात. काऊन टाळतात, हे मी स्वतःशी असं ठरवून ठेवलं होतं की आईविना घर पोरांना खायला उठत असेल.

आणि मला काय होत होतं म्हणता? मी तर त्यातच राहत होतो. टीव्ही लावून ठेवायचो, बातम्या ऐकायच्या म्हणून नाही, घरात कोणीतरी बोलत राहावं म्हणून.

तर फोन ठेवल्यावर मी मनाशी नक्की केलं. रिसॉर्ट तर रिसॉर्ट. पण रविवारी परतताना या सगळ्यांना एक रात्र घरी न्यायचं. फक्त एक रात्र. सोमवारी पहाटे निघा म्हणावं. मात्र हातापाया पडायचं नाही, असंही ठरवलं. त्यांच्याच तोंडून निघालं पाहिजे की चला, आज घरी थांबू.

मग मी तयारीला लागलो. आमच्या वऱ्हाडात रानात जायचं म्हणजे रोडगे. हे कोणाला सांगावं लागत नाही. गव्हाचं जाडसर पीठ, त्यात ओवा आणि तेलाचं मोहन, घट्ट मळायचं. चार-पाच लहान पुऱ्या तेलाचा हात लावून एकावर एक ठेवायच्या, त्यांचा गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. वरून पार काळा, आत पापुद्रे सुटलेला. राख झटकायची, हातानं फोडायचा, तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीशी खायचा. थंडी सरत आली की आमच्या डेपोतली मंडळी बायका-पोरांसकट कोणाच्या तरी शेतात जायची. तिथं जगरा, म्हणजे गोवऱ्या रचून पेटवलेला ढीग, तो माझ्याकडे असायचा. भडका केव्हा ओसरला, निखारा केव्हा तयार झाला, हे मी विस्तवावर हात धरून सांगायचो. मेकॅनिकपासून साहेबापर्यंत सगळे म्हणत, जगरा पेटवावा तर यांनीच.

म्हणून मी दूधवालीकडून अर्धं पोतं गोवऱ्या आणल्या. चक्कीवर उभं राहून पीठ जाडं दळून घेतलं. बाजारातून काटेरी वांगी निवडून घेतली, तुपाचा डबा, ओवा, मीठ, सगळं पिशवीत भरलं. शनिवारी सकाळी ऑटोवाल्यानं विचारलं, "काका, लगन हाये काय?" मी म्हणालो, "हाव, माह्यंच."

नाक्यावर मुलाची गाडी आली. तो उतरून पाया पडला, नातीनं गळ्याला मिठी मारली. मग त्याची नजर पोत्यावर गेली.

"यात काय आहे?"

"गोवऱ्या."

"गोवऱ्या? बाबा, तिथे सगळं जेवण पॅकेजमध्ये आहे."

"असू दे. जेवण वेगळं, रोडगे वेगळे."

सून पुण्याची, तिला रोडगे फक्त ऐकून माहीत. ती हसली, म्हणाली, "असू द्या हो, मागे वर्तमानपत्र घालून ठेवू." नातीनं नाकाला बोटं लावली. गाडी निघाली.

मी पुढे बसलो होतो. माझा उजवा पाय सारखा खाली दाबला जात होता, तिथं ब्रेक नव्हता तरी. त्या रस्त्यावर मी अकरा वर्षं बस चालवली आहे. शेगाव मागे टाकलं की कोणत्या फाट्यावर मास्तरीणबाई चढायच्या, कोणत्या पुलाशी पावसाळ्यात थांबून पाणी उतरायची वाट पाहायची, कोणत्या गावचा सरपंच सीट मिळाली नाही की तणतणायचा, सगळं मला पाठ. पण मोबाईलमधली बाई सांगत होती, पाचशे मीटरवर उजवीकडे वळा. मी एकदा म्हणालो, "तिच्यापेक्षा जवळचा रस्ता हाये." मुलानं मोबाईलचा आवाज जरा मोठा केला. मागे सूनबाई डोळे मिटून होती, नातीच्या कानात वायरी. मला वाटत होतं, कोणीतरी विचारेल की बाबा, तुम्ही इथूनच जात होते ना? संग्रामपूर येऊन गेलं, डोंगराची निळी रेघ जवळ आली, कोणी विचारलं नाही.

रिसॉर्टच्या फाटकावर सिमेंटचे बांबू होते. सिमेंटचे, आणि वर हिरवा रंग. ज्या डोंगरात बांबूची बनंच्या बनं आहेत त्याच्या पायथ्याशी माणसानं सिमेंटचा बांबू करावा, या अकलेला काय म्हणावं? आत गेल्यावर एका मुलीनं हिरव्या रंगाचं गोड सरबत हातात दिलं आणि कपाळाला टिळा लावला. मुलगी आमच्याआधी पोहोचली होती. एकटी गाडी चालवत आली होती. वाकून पाया पडली आणि म्हणाली, "गोळ्या घेता ना वेळेवर?" मी म्हणालो, "हाव." ती वाळल्यासारखी वाटली. तसं म्हणणार होतो, पण ती वहिनीशी बोलायला वळली.

गाडीतून पोतं उतरवलं तसा मॅनेजर धावत आला. चाळिशीतला, इस्त्रीचा शर्ट. "काकाजी, हे काय आणलं?"

मी सांगितलं. तो हात जोडून म्हणाला, "काकाजी, जाळ नाई करता येत इथं. होळी जवळ आली, सारं जंगल वाळून राह्यलं. एक ठिणगी उडाली तं आमचं लायसन जाईन."

"अरे मी तीस वर्षं जगरा पेटवला. एक काडी नाई जळली इकडची तिकडं."

"तुमचं खरं हाये. पण नियम हाये ना."

त्याचं बरोबर होतं, हे मला आता कळतं. तेव्हा डोकं तापलं होतं. "मग पाटी लावा ना बाहेर, की इथं वऱ्हाडी माणसानं येऊ नये!" मी म्हणालो. मुलगा मला दंडाला धरून बाजूला घेऊन गेला. पोतं त्यांनी मागच्या शेडमध्ये टाकलं.

मुलगा-सून-नात एका कॉटेजात, मुलगी शेजारच्या. मला चार नंबरचं कॉटेज दिलं, सगळ्यात शेवटचं, शांत म्हणून. दार उघडलं तर भला मोठा पलंग आणि त्यावर टॉवेलाचे दोन हंस, चोचीला चोच लावून. मधे गुलाबाच्या पाकळ्या. मला आधी हसू आलं. मग दार लावून घेतलं आणि खुर्चीवर बसून राहिलो. थोड्या वेळानं एक हंस मोडून तोंड पुसलं, दुसरा तसाच राहू दिला.

दुपारभर नात पोहण्याच्या तलावात होती. मुलगा लॅपटॉप उघडून छत्रीखाली, सून पाण्यात पाय सोडून, मुलगी पुस्तक घेऊन झोक्यावर. मी प्रत्येकाजवळ जाऊन थोडं थोडं बसून आलो. डेपोत कंट्रोलर फिरायचा ना, सगळं ठीक आहे का बघत, तसा. सगळे म्हणाले, बसा ना बाबा. बसलो की काय बोलावं हे दोघांनाही सुचायचं नाही. बायको असताना आमच्या घरात बोलायचं काम तिच्याकडे होतं. मी ड्युटीवरून आलो की ती मला मुलांचं सांगायची आणि मुलांना माझं. आम्ही एकमेकांशी तिच्यातूनच बोलत होतो हे ती गेल्यावर कळलं.

संध्याकाळी चहाच्या वेळी सगळे एकत्र सापडले. मी बशीत चहा ओतत सहज बोलल्यासारखं म्हणालो, "उद्या पुण्याकडं निघाल तं खामगाव लागतेच ना मधात?"

"लागतं ना," मुलगा म्हणाला. "तुम्हाला घराजवळ सोडू आणि बायपासनं निघू."

"उद्याचा दिवस मोठा हाये. लहान लेकरू गाडीत किती दमते."

"ती झोपते बाबा गाडीत."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. मुलीनं पुस्तकाचं पान उलटलं. रात्रीच्या जेवणात रागारागात दोन गुलाबजाम खाल्ले, रक्तात साखर असताना.

जेवणाच्या आधी एक प्रकार झाला. दिवेलागणीला रिसॉर्टवाल्यांनी अंगणात लोखंडी कढई मांडली, हातभर रुंद, खाली पाय असलेली, आणि तिच्यात लाकडं पेटवली. भोवती खुर्च्या. त्याला कॅम्पफायर म्हणत होते. मी तडक मॅनेजरकडे गेलो. "तुमचा जाळ चालते अन् आमचा नाई?"

"काकाजी, हा लोखंडात हाये. अन् आमचा माणूस पाणी घेऊन उभा राह्यते."

मी भांडणाच्या तयारीनं कंबरेवर हात ठेवले होते, तेवढ्यात सून मागून आली. "भाऊ, मग उद्या सकाळी हीच कढई द्याल का आम्हाला? गोवऱ्या यातच पेटवू. पाण्याची बादली घेऊन मी स्वतः बसते." मॅनेजरनं डोकं खाजवलं आणि शेवटी हो म्हणाला. मला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं. तिला तसं सांगितलं मात्र नाही, ते राहिलंच.

रविवारी सकाळी सात वाजता मी जगरा रचला. कढईत ऐसपैस रचता येत नाही, पण साधला. नातीला काडी ओढू दिली. धूर सरळ वर गेला, वारा नव्हता. सून खरंच बादली घेऊन बसली. मुलगा फोटो काढत होता, आणि मी बऱ्याच दिवसांनी मोठ्या आवाजात बोलत होतो. "इकडं नोको उभी राहू, धूर लागते. जवळ नोको जाऊ बाई, भाजशील!" माझा मलाच आवाज आवडत होता.

निखारा तयार झाला. मी हात धरून पाहिला आणि म्हणालो, "आणा आता गोळे."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. पीठ पिशवीतच होतं. कोरडं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी आजवर रोडग्याचं पीठ कधी मळलेलं नाही. पुऱ्या लाटून, तेलाचे थर देऊन गोळा कसा बांधतात, हे शेकडो वेळा पाहिलं होतं, केलं एकदाही नव्हतं. ते बायको करायची. परात घेऊन झाडाखाली बसायची, आणि मी विस्तवापाशी उभा राहून हुकूम सोडायचो. सगळे मलाच शाबासकी द्यायचे, आणि मी ती घ्यायचो.

मी परात मागवली, पाणी ओतलं. जास्त झालं. पीठ हाताला चिकटून बसलं. नात हसायला लागली. मुलगा म्हणाला, "बाबा, किचनमध्ये देऊ का?" मी खेकसलो, "काई गरज नाई!" मग मुलगी उठली, बाह्या वर केल्या आणि माझ्यासमोरून परात ओढून घेतली. कोरडं पीठ घातलं, तेल घातलं आणि मळायला लागली. मुठी वळवून, अंगाचा भार देऊन, अगदी आईसारखं. मला राहवलं नाही.

"बरोबर आईचा हात हाये," मी म्हणालो. आणि त्याच दमात जे दोन दिवस तोंडात धरून ठेवलं होतं ते निघून गेलं. "आज घरी चाल ना बाई. सारेच चाला. एक रात्र थांबा फक्त. सकाळी जा."

तिचे हात थांबले नाहीत. मान खाली घालून मळतच म्हणाली, "तुम्हीच म्हणले होते ना बाबा, येऊ नोको."

"मी कवा म्हणलो?"

"आई दवाखान्यात होती तवा. माही बॅग भरून होती. मी फोन केला, निघतो म्हणून. तुम्ही म्हणले, काई नाई, सलाईन लावलं, दोन दिवसात घरी येते, येऊन काय करतं? दादालेबी तेच सांगतलं. नऊ दिवस रोज तेच सांगतलं. म्हून मी आली नाई." आता तिनं वर पाहिलं. "आता म्हणता घरी चाल. कोणासाठी चालू?"

मुलानं मोबाईल खिशात ठेवला. सून नातीला हाताला धरून फुलं दाखवायला घेऊन गेली, आणि बादली तिथंच राहिली.

हे कसं झालं ते सांगायला पाहिजे. ड्रायव्हरच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्यांदा शिकवतात. गाडीत बिघाड झाला तर प्रवाशाला सांगायचं नाही. सांगितलं की लोक उठतात, आरडाओरडा करतात, कोणी दारातून उडी मारतं. तोंडावर काही दाखवायचं नाही, गियर खाली घ्यायचा, आणि गाडी हळूहळू जागेवर आणायची. एकदा बोथ्याच्या घाटात माझ्या गाडीच्या ब्रेकची हवा उतरली. मागे पन्नास माणसं शेंगा खात होती. मी दुसऱ्या गियरवर घाट उतरलो, कंडक्टरलासुद्धा खाली आल्यावर सांगितलं. त्याचं मला फार भूषण होतं. बायको अकोल्याच्या दवाखान्यात पडली तेव्हा मी तेच केलं. डॉक्टर म्हणत होते सुधारेल, मग म्हणाले बघू. मी मुलांना म्हणत राहिलो, ठीक आहे. उगाच पुण्याहून, नागपूरहून घाबरत गाड्या पळवत येतील. मी आणतो गाडी जागेवर. आणि नवव्या दिवशी पहाटे ती गेली. मुलं आली ती तोंड पाहायला.

हेच मी मुलीला कसंबसं सांगितलं. म्हणालो, "प्रवाशाले सांगत नसतात बाई. सवय लागली होती."

"आम्ही प्रवासी होतो काय बाबा?" ती म्हणाली.

मुलगा म्हणाला, "जाऊ दे ना आता," पण त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. दीड वर्ष मी समजत होतो की पोरं घराला भितात. ती माझ्यावर रागावली होती, आणि मी वयस्क म्हणून, एकटा म्हणून, कोणी बोलत नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी जे केलं, डोळे करून दिले, पुण्याला नेलं, ते सगळं तो राग पोटात ठेवून केलं होतं.

तिनं गोळे बांधले. मी निखाऱ्यात पुरले. काहीतरी करायला होतं म्हणून बरं. वांगी सुनेनं रिसॉर्टच्या भटारखान्यातून शिजवून आणली. रोडगे एका बाजूनं करपले, कढईत निखारा सारखा पसरत नाही. नातीनं राख झटकायचं काम केलं आणि नाक काळं करून घेतलं. सगळ्यांनी खाल्ले. मॅनेजरही एक घेऊन गेला आणि म्हणाला, "काकाजी, असा रोडगा हॉटेलात कुठी भेटन!" सगळे हसले, मीही हसलो. तूप पुरलं. मी मात्र पाणी पिऊन पिऊन एकच खाल्ला.

अकराच्या सुमारास निघायची वेळ झाली. मुलगा काउंटरवर गेला, सून सामान बांधत होती. मी चार नंबरातून पिशवी घेऊन आलो तर मुलगी तिच्या गाडीत बसली होती, एकटीच. काच खाली होती. मी जवळ गेलो.

"बाबा, एक विचारू? खरं सांगान?"

"विचार."

"आई माह्यी चौकशी करे काय? तिथं?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. ती शुद्धीवरच नव्हती, असं म्हणता आलं असतं. शेवटचे दोन दिवस ते खरंही होतं. पोरीला बरं वाटलं असतं, अकोटापर्यंतचा रस्ता तिनं सुखानं कापला असता. मी तिच्या गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिलो. टप तापला होता.

"रोज करे," मी म्हणालो. "सकाळी डोळे उघडले की पयले तेच. पोरगी कवा येते. संध्याकाळी पुन्हा."

"मग तुम्ही काय सांगत?"

"मी सांगो, येऊन राह्यली. रस्त्यात हाये."

"रोज?"

"शुद्धीत होती तोवर रोज."

म्हणजे मी दोन्हीकडे खोटं बोललो होतो. इकडे पोरीला येऊ नको म्हणत होतो आणि तिकडे तिच्या आईला ती येते आहे म्हणत होतो. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःशीसुद्धा नीट बोललो नव्हतो.

तिनं दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं. रडली नाही. किल्ली फिरवली, गाडी हलली आणि फाटकातून बाहेर गेली. सिमेंटच्या त्या बांबूंच्या पलीकडे धूळ उडाली. मी तिथंच उभा होतो. वाटलं, ही आता फोनही करणार नाही. तसं झालं तरी तिचं चुकलं असं मी म्हणणार नव्हतो.

मग ब्रेकचे लाल दिवे लागले. गाडी मागे यायला लागली, वाकडीतिकडी, तिला रिव्हर्स घेणं कधी नीट जमलं नाही. माझ्यासमोर येऊन थांबली.

"मग आई काय म्हणे?" तिनं विचारलं. समोर पाहूनच विचारलं. "मी रस्त्यात हाये म्हणल्यावर?"

मी दोनदा खाकरलो.

"म्हणे, तिले फोन करून सांगा, सावकाश ये म्हणा. गाडी पळवू नोको. मी काई कुठी जाऊन नाई राह्यली."

मुलीनं मान हलवली, दोन-तीन वेळा. मग पदर नव्हता म्हणून मनगटानं डोळे पुसले आणि अकोटाच्या रस्त्याला लागली. मी तिला घरी ये म्हणालो नाही.